तीस पावलांवरचा रेडिओ

बिघडलेला रेडिओ किसनभाऊंकडे नेला, की तो हातात घेण्याआधी ते विचारायचे, "गेला कसा?" म्हणजे खोकत खोकत गेला, का बोलता बोलता एकदम गेला, का सकाळी चांगला आणि दुपारी घोगरा असं करत करत गेला. नीट सांगता आलं नाही तर ते रेडिओला हातच लावायचे नाहीत. "आठवा आन् मंग या," म्हणायचे. मी पिंपळवंडीच्या हायस्कूलवर मराठी शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्याच महिन्यात माझा रेडिओ मुका झाला. शेजारच्या घरात रेडिओतलं कळणारा माणूस राहतो, एवढ्या माहितीवर मी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. तो प्रश्न ऐकून मला हसू आलं. मी म्हटलं, "गेला म्हणजे गेला. वाजत नाही."

"मास्तर ना तुमी?" ते म्हणाले. "पोरगं नापास झालं म्हंजी कशात झालं, ते तरी बघता का न्हाई?"

मी निमूट खोलीवर परत गेलो, खाटेवर बसून आठवलं आणि पुन्हा येऊन सांगितलं, की आधी आठवडाभर आवाज लांब लांब जात होता. "आता कसं," असं म्हणून त्यांनी रेडिओ घेतला. सेलच्या घरातली पट्टी गंजली होती, पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांनी आमचा पंधरा वर्षांचा शेजार सुरू झाला.

किसनभाऊ ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेवर पंप चालवायचे. कुकडीच्या काठावर पत्र्याची खोली, आत मोटार, आणि मोटारीपासून दोन हातांवर यांचं स्टूल. पहाटे डबा घेऊन जायचे, दुपारी घरी यायचे. वीस-बावीस वर्षं त्या खोलीत बसून काढलेली. बुटका, काटक माणूस, डोक्यावर टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात पेनऐवजी बारका पेचकस. वाडवडलांची जमीन धाकटा भाऊ बघायचा. मूलबाळ नव्हतं. घरात ते, सरूवहिनी आणि तीस-बत्तीस रेडिओ.

हे रेडिओ पडवीत तीन फळ्यांवर मांडलेले असत, आणि प्रत्येकावर जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा. सगळ्यात खाली जुने लाकडी पेटीचे, बसक्या देवघराएवढे. आतले बल्ब तापेपर्यंत ते तोंड उघडत नसत. मधल्या फळीवर चामड्याच्या पिशवीतले, खांद्याला अडकवून शेतावर न्यायचे. आणि वरच्या फळीवर किसनभाऊंनी स्वतः बनवलेले. त्यातला एक साबणाच्या डबीत होता, एक नारळाच्या करवंटीत, एक बिनकामाच्या टॉर्चमध्ये. शाळेतल्या खडूंची एक रिकामी लाकडी पेटी मी त्यांना दिली होती, तिच्यातही पंधरा दिवसांत रेडिओ बसला. तिला ते "हायस्कूल" म्हणायचे. "आज हायस्कूल लावू का?" असं विचारलं, की वहिनी आतून म्हणायच्या, "लावा. नायतरी घरात तीस तोंडं बोलत्यात, आन् माझ्याशी बोलायला एक न्हाय."

या बाईंचा राग फुकटचा नव्हता. किसनभाऊंना एकदा वाटलं, की पंपावर न्यायला जेवणाचा डबा आणि रेडिओ अशी दोन ओझी कशाला, डब्यातच रेडिओ करावा. वहिनींच्या माहेरचा स्टीलचा तीन पुडांचा डबा होता. त्याच्या वरच्या पुडाला त्यांनी आवाज बाहेर यावा म्हणून बारीक बारीक भोकं पाडली, आत सगळा संसार बसवला आणि झाकण लावलं. रेडिओ गप्प. झाकण काढलं, बोलायला लागला. लावलं, गप्प. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, लोखंडाच्या भिंतीतनं लहर आत जात न्हाई. मलाच कळाया पायजे व्हतं. आपल्या पत्र्याच्या पंपघरात तरी कुठं लागतो रेडिओ? दाराभाईर ठेवावा लागतो." हे ते इतक्या आनंदानं सांगत होते, की डबा वाया गेल्याचं मी बोललो नाही. ते काम वहिनींनी केलं. त्या भोकांच्या पुडात त्या पुढं कायम तांदूळ धूत, आणि पाणी गळायला लागलं की यांच्याकडे बघत.

रेडिओ नीट झाला का, हे ठरवायची त्यांची एक रीत होती, आणि ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मीटर त्यांच्याकडे होता, पण तो ते फार तर सेल बघायला काढत. "मीटर आकडा दावतो, आवाज न्हाय दावत," म्हणत. दुरुस्त झालेला रेडिओ ओट्यावर ठेवायचा, बातम्या लावायच्या, आवाज मध्यम करायचा आणि त्याच्याकडे पाठ करून चालायला लागायचं. तीस पावलं. तिसाव्या पावलावर रस्त्याच्या कडेची चिंच होती. तिथं उभं राहून, मागं न बघता, ऐकू आलेली बातमी मोठ्यानं सांगायची. ओट्यावर रेडिओचा मालक बसलेला असे. बातमी आणि किसनभाऊंचं सांगणं जुळलं, की रेडिओ पास. एक शब्द चुकला तरी परत येऊन मागचं झाकण उघडायचे. मालक म्हणायचा, "किसनभाऊ, राव, मी काय चिंचेखाली बसून ऐकनार हाय का? उशाशी घेऊन ऐकतो." त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "तुमचं तुमी बगा. माझ्याकडनं तीस पावलांचा जानार."

त्यांचा आणखी एक नेम होता. एका रेडिओचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा नाही. गावात घरोघर टीव्ही आले, छपरांवर काड्यांचे अँटेना उभे राहिले, तसे लोक जुने रेडिओ पोत्यात घालून यांच्याकडे आणायला लागले. राजुरीच्या एकानं असेच दोन आणले आणि सांगितलं, दोन्हींतलं चांगलं चांगलं घेऊन एक चालता करा. किसनभाऊंना ते अगदी लागलं. "एकाचं काळीज काढून दुसऱ्याला घालू का?" त्यांनी दोन्ही ठेवून घेतले. सहा महिने लागले. मग दोन्ही सायकलच्या हँडलला अडकवून, दोन्ही वाजते ठेवून ते राजुरीला गेले. एकावर शेतीची चर्चा, दुसऱ्यावर गाणी. रस्त्यानं लोक हसत होते. राजुरीचा माणूस टीव्हीसमोर बसला होता. तो म्हणाला, "आता कोन ऐकतंय, तुमालाच ऱ्हाऊ द्या." संध्याकाळी किसनभाऊ तसेच दोन्ही वाजवत परत आले. मला वाटलं होतं खट्टू होतील. ते म्हणाले, "बरं झालं. ही दोघं आता एकमेकाला सोडून ऱ्हायची न्हाईत."

ज्याला रेडिओचं वेड कळावं असा त्यांचा एकच दोस्त होता, कळंबचे गेनभाऊ. मंचरच्या बाजाराला बटाटा घालणारा शेतकरी, अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. नारायणगावच्या स्टँडवर कधीतरी दोघं एकाच बाकावर बसले, दोघांच्याही खांद्याला रेडिओ, तेवढ्यावर जमलं. गेनभाऊ वर्षातून दोन-तीनदा एसटीनं यायचे, बटाट्याची पिशवी आणि आपला चामड्याच्या पिशवीतला रेडिओ घेऊन. मग दोघं ओट्यावर समोरासमोर बसत. मध्ये रेडिओ. बोलत जवळजवळ नसतच. बातम्या देणाऱ्यानं काही सांगितलं, की गेनभाऊ त्याच्याशी वाद घालत, "आरं, कुठं पडला पाऊस? आमच्याकडं ये की बगायला." किसनभाऊ हसत. चार वाजता चहा, पाचला एसटी. अशी मैत्री मला आयुष्यात करता आली नाही, हे मी इथंच सांगून टाकतो.

किसनभाऊंचे कान जात होते. हे मला कधी कळलं, ते नेमकं सांगता येणार नाही. आधी ते बातम्या देणाऱ्यांवर चिडायला लागले. "हल्लीचे शब्द गिळत्यात. आदीचे कसं चावून चावून बोलायचे." मग सेलवर चिडले. मग गावाबाहेर मोबाईलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा त्यांना खरा गुन्हेगार सापडला. "समदी हवा नासवली," म्हणायचे, आणि त्यात थोडंफार तथ्य असेलही, म्हणून मीही मान डोलावली. पण एकदा मी ओट्यावर बसलो असताना त्यांनी एक रेडिओ लावला आणि पाठ करून चालायला लागले, ते विसाव्या पावलाला थांबले. जरा वेळ उभे राहिले आणि परत आले. पुढच्या महिन्यात बारा पावलं. त्यानंतर पाच. पाचव्या पावलावर उभं राहून ते डोकं एका बाजूला कलतं करत, आणि इकडे रेडिओ शेजारच्या माझ्या खोलीतसुद्धा ऐकू येईल इतका खणखणीत वाजत असे.

त्यांच्या ध्यानात हे कसं येत नव्हतं, याचं मला आधी नवल वाटायचं. माझ्याशी ते नीट बोलत, प्रश्नाला बरोबर उत्तर देत. मग एक दिवस ते पाठमोरे बसलेले असताना मी तीन वेळा हाक मारली. ते वळले नाहीत. पुढे जाऊन उभा राहिलो, तर लगेच "या मास्तर." तेव्हा कळलं. बावीस वर्षं मोटारीच्या गडगडाटात माणसांशी बोलून बोलून त्यांना ओठ वाचायची सवय लागली होती, आणि ती सवय आहे हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. माणसं त्यांना ऐकू येत होती, कारण माणसांना ओठ होते. रेडिओला नव्हते. म्हणून बिघाड रेडिओत होता.

मी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "किसनभाऊ, नारायणगावला कानाचा डॉक्टर बसतो. सहज दाखवून यायला काय हरकत आहे?" ते मोठ्यानं हसले. "माझं कान? अवो, पंपाचं बेअरिंग जायच्या आदी आठ दिस मी सांगतो. त्यापरीस हेडमास्तरांचं कान दावा, ते तुमचं कायबी आयकत न्हाईत." तो विषय तिथंच संपला. बेअरिंगचा आवाज नसून त्याचा हादरा त्यांना स्टुलावर बसल्या बसल्या कळत असणार, हे मला घरी गेल्यावर सुचलं. सुचून उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी ते पंपावर असताना सरूवहिनी माझ्या दाराशी आल्या. तशा त्या कधी यायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमी सांगू नका त्यास्नी. मला दोन वर्सं झाली ठावं हाय. मी समोर जाऊनच बोलते. रेडू बिगडला म्हनून मानूस पेचकस घेऊन बसतो तरी. कान गेलं म्हनून कळलं, तर भिताडाकडं तोंड करून बसंल. मंग मी कुनाकडं बगू?"

मी शब्द दिला. गावानं तर न मागताच दिला होता. वडील माणसाला त्याचं वैगुण्य तोंडावर सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पंपावरच्या पोरांपासून सरपंचापर्यंत सगळे त्यांच्यासमोर जाऊन, तोंड मोठं उघडून बोलत आणि मागं वळून एकमेकांकडे बघत. सगळ्यांनी मिळून त्या माणसाभोवती इतकं जपून कुंपण घातलं, की आत तो एकटा पडला. आणि मी, वर्गात पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा, त्या कुंपणाचा एक खांब होतो.

कारण ते मला विचारायचे. इतरांना नाही, मला. फळीवरचा एक रेडिओ काढायचे, लावायचे, कानाशी धरायचे, मग माझ्या कानाशी. "मास्तर, शिकल्याली मानसं तुमी. खरं सांगा, खरखर हाय ना?" पडवीच्या दारात वहिनी उभ्या असत. रेडिओ स्वच्छ वाजत असे. मी म्हणायचो, "आहे थोडी."

पहिल्यांदा म्हणालो तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आपल्यासारखंच दुसऱ्यालाही ऐकू येतंय, याचा तो आनंद होता. त्या आनंदाकडे बघून मला माझं खोटं फार मोठं पुण्याचं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो रेडिओ उघडला.

मग एकेक करून सगळे. ज्यात बिघाड नाही त्यात बिघाड शोधायचा म्हणजे काय, हे मी दीड वर्ष शेजारी राहून पाहिलं. ते आतले खिळ्याएवढे स्क्रू फिरवत, तारा काढून नव्या जोडत, स्पीकर बदलत. चांगल्या रेडिओत इतके हात घातल्यावर तो खरंच बिघडायचा, पण ते कळायला कान लागतात. मग राजुरीच्या जोडीतल्या एकाचा भाग त्यांनी दुसऱ्याला लावला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला तिथं बसवेना. त्यांनी वर बघून जरा ओशाळं हसून म्हटलं, "दुसरा इलाजच न्हाय राहिला, मास्तर." करवंटी गेली, टॉर्च गेला, हायस्कूल गेली. लाकडी पेट्या उघड्या पाठीनं भिंतीला लागल्या. धोतराचे तुकडे वहिनींनी घडी करून ठेवून दिले, कारण झाकायला काही उरलं नव्हतं. एकदा मला बघून त्या हळूच म्हणाल्या, "हाताला काम ऱ्हाईल म्हनलं व्हतं. ह्ये असं व्हईल, ह्ये न्हाय आलं ध्यानात." मी काय बोलणार? आता सांगावं, तर दीड वर्षाच्या खोट्याचाही हिशोब द्यावा लागणार होता. रोज वाटायचं, उद्या बोलू. रोज ते म्हणायचे, "हाय ना खरखर?" आणि मी मान हलवायचो. शब्दसुद्धा लागत नव्हता.

अशात गेनभाऊंचा रेडिओ आला. गेनभाऊ स्वतः आले नाहीत, अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या मुलानं, सुभाषनं, मोटारसायकलवर आणून दिला. ट्यूनिंगची दोरी तुटली होती. "दादांना करमत न्हाई. लवकर द्या," एवढं सांगून तो गेला. दोरीचं काम डोळ्यांचं आणि बोटांचं. किसनभाऊंनी एका दिवसात फर्स्टक्लास दोरी ओवली, काटा जाग्यावर आला. मग त्यांनी रेडिओ लावला, कानाशी धरला, आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

तेव्हा माझी मंचरजवळच्या शाळेवर बदली झाली होती. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा तो रेडिओ पाटावर ठेवलेला आणि पूर्ण आवाजात लावलेला. गाणं चालू होतं. इतकं सुरेख लागलं होतं, की मी चप्पल काढता काढता जरासा थांबलो. किसनभाऊ त्याच्यासमोर हनुवटी गुडघ्यावर टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "स्पीकर गेलाय ह्याचा. असला पुन्यालाबी मिळंना. गेनभाऊची वस्तू, मला तिथं वाटेल तसा हात घालता येत न्हाय." मग तेच, "खरखर हाय ना, मास्तर?"

वहिनी दारात होत्या. त्यांनी या खेपेला काही खूण केली नाही. नुसत्या बघत होत्या. मला सुटायची वाट होती, आणि उद्या मी या गावात नसणार होतो. तरी मी म्हणालो, "आहे थोडी."

गेनभाऊंनी नंतर दोनदा निरोप पाठवला, असं कळलं. दोन्ही वेळा किसनभाऊंनी उलट सांगावा धाडला, की स्पीकर मिळाला की स्वतः घेऊन येतो, नीट झाल्याबिगर देणार नाही. चार महिन्यांनी गेनभाऊ गेले.

दशक्रियेला मी गेलो. कळंब माझ्या नव्या गावापासून जवळ. घोड नदीच्या घाटावर दोन-अडीचशे माणूस जमलेलं. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, माईक बंद केला. किसनभाऊ मला पायऱ्यांवर दिसले. वाळले होते. हातात कापडी पिशवी होती. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत माझी खुशाली ऐकली आणि म्हणाले, "आनलाय रेडू. झाला न्हाय, पन त्याची वस्तू त्याच्या घरी जाया पायजे. नवे सेल घातल्यात."

पिंडं मांडली. सगळे मागं सरून उभे राहिले. समोर बाभळीवर दोन कावळे होते, पण एकही खाली येईना. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. सुभाष हात जोडून म्हणाला, "दादा, आईची काळजी करू नका." कावळा जागचा हलला नाही. "धाकटीचं शिक्षण पुरं करतो." कावळ्यानं नुसती मान फिरवली. मग चुलत्यांनी काही कबूल केलं, जावयानं केलं. ऊन चढायला लागलं. तेवढ्यात गेनभाऊंचे थोरले बंधू म्हणाले, "त्याचा रेडू ऱ्हायलाय. शेवटच्या दिसापतोर तेच चाललं व्हतं, आला का, आला का."

सगळ्या माना किसनभाऊंकडे वळल्या. त्यांना काही कळलं नाही. सुभाषनं पुढं जाऊन त्यांच्या पिशवीकडे बोट केलं, पिंडाकडे केलं. ते त्यांना कळलं. त्यांनी रेडिओ काढला, उपरण्यानं पुसला, पिंडापासून चार हातांवर गुडघे टेकून बसले आणि बटण फिरवलं.

सकाळच्या बातम्या लागल्या होत्या. बाईचा स्वच्छ, स्पष्ट आवाज त्या शांततेत असा उठला, की पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायांनी वर पाहिलं. बाभळीवरचे कावळे उडून गेले. किसनभाऊंनी रेडिओ कानाला लावला. आवाज पूर्ण होता, तरी त्यांनी बटण आणखी पिळून पाहिलं. मागच्या बाजूला बोटानं टकटक केलं, पुन्हा कानाला लावला. मग त्यांनी तो हळूच पिंडाजवळ वाळूवर ठेवला आणि हात जोडले.

"गेनभाऊ," ते म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या उंच आवाजात, "लई खटपट केली. न्हाय झाला माझ्याच्यानं. माफ कर मला."

बातम्या चालूच होत्या. अडीचशे माणूस उभं होतं. सुभाष उभा होता, पुढारी उभे होते, भटजी दर्भ हातात घेऊन उभे होते. कुणी हललं नाही. सगळे रेडिओकडे बघत होते, आणि किसनभाऊ मित्राची माफी मागत होते, की तो वाजत नाही. मला रडू येत होतं, आणि लाज त्याहून जास्त वाटत होती. पण हे काम माझंच होतं. मी गेलो आणि त्यांच्यासमोर वाळूत बसलो. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

"वाजतोय," मी म्हणालो.

"काय?"

"रेडिओ वाजतोय, किसनभाऊ. चांगला वाजतोय."

त्यांनी रेडिओकडे पाहिलं. मग आजूबाजूच्या तोंडांकडे, एकेक करून. सगळ्यांनी त्या क्षणाला खाली पाहिलं, आणि त्यातच त्यांना काय कळायचं ते कळलं. "समद्यास्नी येतंय आयकाया?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

मग त्यांनी विचारलं, "मंग घरचे?"

"तेही वाजत होते."

"समदे?"

"सगळे."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग असता तर बरं झालं असतं. पोरानं गणित नीट सोडवूनही उत्तर जुळत नसलं, की ते जसं मास्तरकडे बघतं, तसे ते बघत होते. "तुमी तर म्हनला व्हता, खरखर हाय," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर किसनभाऊ तीन वर्षं जगले, असं ऐकलं. पिंपळवंडी माझ्या गावाहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. मी गेलो नाही.

ते उठले. गुडघ्याची वाळू झाडली. रेडिओ उचलून सुभाषपुढं धरला. सुभाषनं दोन्ही हातांनी तो परत त्यांच्याकडे सारला आणि समोर येऊन, तोंड मोठं उघडून म्हणाला, "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, काका." किसनभाऊंनी रेडिओ पिशवीत ठेवला. बटणाला हात लावला नाही. मग ते कुणाकडे न बघता घाटाच्या पायऱ्या चढायला लागले. माणसं बाजूला होऊन वाट देत होती. पिशवीतून बातम्या मोठ्यानं ऐकू येत होत्या, आता पावसापाण्याचं सांगणं चाललं होतं. वरच्या पायरीवर त्यांनी दम घेतला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ते नाशिक रस्त्याकडे वळले. रेडिओ चालू राहिलाय, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. खाली भटजी दर्भाचा कावळा करायला बसले होते, आणि आम्ही सगळे तो आवाज रस्त्यावरच्या ट्रकांत बुडेपर्यंत ऐकत उभे होतो.